उंची चिनी घड्याळ पारखायचं कसं

चिनी कारखान्यांना अवघड यंत्र बनवता येतं का, यावर आता वाद उरलेला नाही. त्यानजिनचा सीगल आणि बीजिंग घड्याळ कारखाना कितीतरी वर्षं टूर्बियाँ (बॅलन्स चाक पिंजऱ्यात बसवून गोल फिरवणारं अवघड यंत्र) बनवत आहेत. सिगा डिझाइनच्या ‘ब्लू प्लॅनेट’ने २०२१ मध्ये जिनेव्हाच्या ग्राँ प्री या घड्याळांच्या स्पर्धेत कमी किमतीच्या घड्याळांसाठीचं ‘चॅलेंज’ पारितोषिक जिंकलं. घेणाऱ्यापुढचा प्रश्न वेगळाच असतो: हातात आलेल्या या एका नगावर कष्ट कुठे घेतलेत आणि कुठे वाचवलेत? चिनी घड्याळात अवघड यंत्र त्या मानाने स्वस्त पडतं. महाग पडतो तो माणसाचा वेळ, म्हणजे जुळवणीचा, कडा घासण्याचा, पाच स्थितींत चाल लावण्याचा. खर्च कमी करायचा झाला की कात्री तिथेच लागते, म्हणून तपासणीही तिथेच करायची.

साधनं फार लागत नाहीत. दहापट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग, एकच उघडा दिवा (पसरट, दुधी प्रकाशात दोष झाकले जातात), छोटं होकायंत्र आणि टाइमग्राफर (घड्याळाची टिकटिक ऐकून चाल मोजणारं यंत्र). वेइशी १००० किंवा १९०० ही टाइमग्राफरची साधी मॉडेलं चांगलं काम देतात, आणि तीही चिनीच आहेत. विकत घ्यायचा नसेल तर ओळखीच्या घड्याळजीकडे अर्धा तास मागून घ्या. फोनवरची ॲप वेग (घड्याळ रोज किती सेकंद पुढे-मागे जातं) बऱ्यापैकी सांगतात, पण ॲम्प्लिट्यूडच्या, म्हणजे बॅलन्स चाक किती अंश झोका घेतं याच्या, बाबतीत त्यांच्यावर विसंबू नका.

आधी घराणं ओळखा

‘चिनी उंची घड्याळ’ या एका नावाखाली चार निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिला गट वारशावर चालणाऱ्या कारखान्यांचा: सीगल, शांघाय, बीजिंग. त्यानजिनमध्ये १९५५ साली पहिलं चिनी मनगटी घड्याळ तयार झालं. शांघायचं ए५८१ मॉडेल १९५८ पासून बाजारात आलं आणि चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय यांच्या मनगटावरही गेलं. बीजिंगचा कारखाना १९५८ चा. दुसरा गट फियटासारख्या मोठ्या कंपन्यांचा. ही शेनझेनची कंपनी. २००३ मध्ये शेनझोऊ ५ या यानातून अंतराळात गेलेल्या यांग लीवेई यांच्या हातात हिचंच घड्याळ होतं. तिसरा गट छोट्या, रचनेवर भर देणाऱ्या ब्रँडचा, सिगा किंवा आतलिए वेन यांच्यासारखा. चौथा गट स्वतंत्र कारागिरांचा. हाँगकाँगचे क्यू ताय यू हे या वाटेवरचे पहिले मोठे नाव. आज मा शूशू, लिन योंगहुआ, छिन गान अशी नावं संग्राहकांच्या तोंडी आहेत.

गट ओळखल्यावर अपेक्षा ठरते. पहिल्या गटाच्या साध्या मॉडेलात हाताने घासलेल्या कडा शोधणं अन्यायाचं आहे. चौथ्या गटाच्या घड्याळात त्या नसतील तर घड्याळ परत ठेवावं.

मूव्हमेंट नावानिशी विचारा

विक्रेत्याला पहिला प्रश्न: कॅलिबर, म्हणजे आतल्या यंत्राचा (मूव्हमेंटचा) मॉडेल क्रमांक, कोणतं? ‘स्वतःचं मूव्हमेंट’, ‘चिनी ऑटोमॅटिक’ ही उत्तरं नव्हेत. आकडा हवा. तो बहुतेक वेळा बॅलन्स व्हीलच्या खाली किंवा शेजारी प्लेटवर कोरलेला असतो. मागची काच पारदर्शक असेल तर भिंगातून वाचता येतो, नसेल तर विक्रेत्याकडून मागचं झाकण उघडून काढलेला फोटो मागवा.

सारखी भेटणारी नावं ही. सीगलचं एसटी१९ म्हणजे चावीचा क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं घड्याळ), तासाला २१,६०० ठोके. एसटी२१ ही ईटीए या स्विस कंपनीच्या २८२४ यंत्राची रचना, एसटी१८ ही पातळ २८९२ ची, आणि एसटी३६ हे खिशातल्या घड्याळाच्या मापाचं ६४९७. हाँगकाँगचं पीटी५००० हेही २८२४ च्याच घरातलं, २८,८०० ठोक्यांचं. ल्याओनिंगच्या दानदोंग शहरातला पीकॉक कारखाना एसएल मालिका बनवतो. आतलिए वेनच्या ‘पर्सेप्शन’मधलं एसएल१५८८ तिथलंच.

२८२४ किंवा ६४९७ च्या घराण्यातलं यंत्र असेल तर कमी लेखू नका. बरेच सुटे भाग मिळतेजुळते असल्यामुळे दहा वर्षांनीही जगात कुठेही घड्याळजी हात लावायला तयार होतो. कारखान्याची अगदी स्वतंत्र रचना ऐकायला भारी वाटते, पण सुटा भाग फक्त त्या कारखान्याकडेच मिळणार असेल तर त्या स्वातंत्र्याची किंमत तुम्ही मोजता.

मूव्हमेंट सीगलचं आहे म्हणजे घड्याळ सीगलचं आहे, असंही नाही. वायुदलाच्या जुन्या क्रोनोग्राफच्या धर्तीवरची, ‘१९६३’ या नावाने विकली जाणारी कितीतरी घड्याळं वेगवेगळे जुळवणीवाले बनवतात. यंत्र एकच, पण काटे कोणी बसवले, धूळ कोणी उडवली, तपासणी कोणी केली, हे दर नावागणिक बदलतं.

एवढ्या कमी किमतीत खऱ्या कॉलम व्हीलचा (क्रोनोग्राफ चालू-बंद करणाऱ्या खांबांच्या चाकाचा) क्रोनोग्राफ मिळतो कसा, याचं कारणही जाणून घेण्यासारखं आहे. १९६१ मध्ये वायुदलासाठी क्रोनोग्राफ बनवण्याचा ‘प्रकल्प ३०४’ सुरू झाला, आणि त्यानजिनच्या कारखान्याने (आजच्या सीगलने) व्हीनस १७५ या स्विस यंत्राची साचे-हत्यारं विकत घेतली. स्वित्झर्लंडमध्ये तेव्हा कॉलम व्हील सोडून स्वस्त कॅमकडे वळणं चालू होतं. हत्यारांचा खर्च कधीच वसूल झालेला आहे, म्हणून एसटी१९ स्वस्त पडतं. यात गौडबंगाल काही नाही.

चाल मोजणं

इथे घाई करू नका. घड्याळाचं सगळ्यात खरं उत्तर इथेच मिळतं.

घड्याळाला पूर्ण चावी द्या. चावीचं असेल तर क्राउन (बाजूचं फिरवायचं बटण) ठाम अडेपर्यंत फिरवा, अडल्यावर जोर करू नका. ऑटोमॅटिक असेल तर ३० ते ४० फेरे द्या. मग तासभर तसंच राहू द्या, कारण गच्च चावीच्या पहिल्या काही मिनिटांत आकडे थोडे फुगलेले असतात. टाइमग्राफरवर लिफ्ट अँगल (प्रत्येक कॅलिबरचा ठरलेला कोन, ज्यावरून ॲम्प्लिट्यूड काढला जातो) भरा. २८२४ च्या घराण्याला ५० अंश चालतात. इतर यंत्रांसाठी कारखान्याच्या तपशीलपत्रात बघा. हा आकडा अंदाजे टाकला की फसगत होते. खरा ४८ असताना टाइमग्राफरवर सवयीचा ५२ राहू दिला, तर २६० अंशांचा ॲम्प्लिट्यूड २८० च्या पुढे दिसतो आणि थकलेलं घड्याळ तरतरीत वाटतं.

आता पाच स्थिती: तबकडी वर, तबकडी खाली, क्राउन खाली, क्राउन वर, क्राउन डावीकडे. स्थिती बदलल्यावर अर्धा मिनिट थांबा, मग आकडा लिहा. समजा, असं आलं: +६, +८, −४, +११, +२. सरासरी निघते +४.६ सेकंद, म्हणजे स्विस क्रोनोमीटर चाचणीची सरासरीची −४ ते +६ ही मर्यादा पाळणारी. विक्रेता हीच सरासरी सांगेल. तुम्ही −४ आणि +११ मधलं अंतर बघा: १५ सेकंद. मधल्या किमतीच्या घड्याळात हे चालून जातं. ‘हाताने जुळवलेलं’ म्हणून जास्त पैसे मागत असतील, तर हे अंतर १० च्या आत हवं. सरासरी रेग्युलेटर (चाल कमीजास्त करणारी छोटी दांडी) हलवून दोन मिनिटांत गोड करता येते. स्थितींमधला फरक कमी करायला बॅलन्स आणि हेअरस्प्रिंगवर (बॅलन्सच्या केसाएवढ्या स्प्रिंगवर) बसून काम करावं लागतं.

ॲम्प्लिट्यूड पूर्ण चावीवर, तबकडी वर असताना २७० ते ३१० अंश असावा. उभ्या स्थितीत ३० ते ४० अंश उतरणं नैसर्गिक आहे. बीट एरर (दोन्ही बाजूंच्या झोक्यांच्या वेळेतला फरक) ०.५ मिलिसेकंदाच्या आत उत्तम, ०.८ पर्यंत ठीक. घड्याळ २४ तास न हलवता ठेवा आणि पुन्हा मोजा: ॲम्प्लिट्यूड २०० च्या खाली गेला असेल किंवा वेग १५-२० सेकंदांनी बदलला असेल, तर दुकानात दाखवलेला आकडा फक्त गच्च चावीचा होता.

काय दिसलं तर काय बिघडलं:

तबकडी वर आणि तबकडी खाली यांच्या ॲम्प्लिट्यूडमध्ये २० अंशांहून जास्त फरक असेल, तर बॅलन्सच्या दांड्याचं एक टोक ज्या खड्यात फिरतं त्यात घाण आहे, तेल नाही किंवा टोक खराब झालंय. सगळ्याच स्थितींत ॲम्प्लिट्यूड कमी असेल तर वाळलेलं किंवा चुकीच्या जागी गेलेलं तेल. कारखान्यातून थेट आलेल्या नगातही हे सापडतं. पडद्यावरच्या दोन रेषा समांतर पण लांब लांब असतील तर बीट एरर. रेषेऐवजी विखुरलेले ठिपके दिसले तर घाण किंवा चुंबकत्व. घड्याळ अचानक रोज एखादं मिनिट पुढे जायला लागलं तर आधी होकायंत्र जवळ धरा. सुई हलली तर डीमॅग्नेटायझरने (चुंबकत्व काढणाऱ्या साधनाने) काम भागतं, घड्याळ उघडावं लागत नाही. आणि ॲम्प्लिट्यूड ३३० च्या वर जाऊन वेग एकदम शेकड्यात पळाला, तर बॅलन्सचा खडा पॅलेटच्या दुबेळक्याला मागून ठोकतोय. मेनस्प्रिंग (चावीची मुख्य स्प्रिंग) गरजेपेक्षा जोरदार बसवलेली असते. असा नग परत करावा.

एसटी१९ मध्ये क्राउन ओढल्यावर सेकंदकाटा थांबत नाही, हा दोष समजू नका. सेकंदासकट वेळ लावायची असेल तर घड्याळ पूर्ण उतरू द्या. बंद पडेल तिथे काटा कुठे आहे ते पाहा, तास-मिनिट त्या हिशेबाने लावा आणि ठरल्या सेकंदाला चावी द्यायला सुरुवात करा. क्राउन उलटा दाबून धरून काटा थांबवण्याची युक्ती सांगितली जाते. ती गिअरवर ताण देते, रोज करण्यासारखी नाही.

भिंगाखाली

मागच्या बाजूने सुरुवात करा. दिवा एका बाजूला, घड्याळ हातात, हळूहळू फिरवत.

पुलांच्या (चाकं वरून धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) कडा बघा. मशीनने तासलेली कड सपाट आणि एकसारखी चमकते, पण तिच्यावर कटरच्या बारीक समांतर खुणा राहतात. हाताने घासून झिलई दिलेली कड थोडी गोलसर असते आणि प्रकाश तिच्यावरून सलग वाहत जातो. खरी परीक्षा आतल्या कोपऱ्यांची. दोन कडा आत वळून भेटतात तिथे टोकदार, स्वच्छ कोन असेल तर तो माणसाने केलाय. फिरत्या हत्याराला तिथे पोहोचता येत नाही, ते गोलावाच सोडतं. ‘हस्तकारागिरी’ लिहिलेल्या पुलावर एकही टोकदार आतला कोपरा नसेल, तर तो शब्द जाहिरातीतला.

जिनेव्हा पट्टे (सजावटीच्या समांतर रेघा) एका पुलावरून दुसऱ्या पुलावर जाताना तुटतात का, ते बघा. पूल वेगवेगळे सजवून नंतर बसवले की पट्ट्यांची ओळ चुकते.

स्क्रूच्या खाचा फार बोलक्या असतात. खाचेची ओठं सोललेली, चकचकीत ओरखडा बाहेर गेलेला, म्हणजे जुळवणाऱ्याने मापाचा स्क्रूड्रायव्हर घेतला नाही किंवा स्क्रू दोन-तीनदा उघडावा लागला. उंची म्हणून विकलेल्या नगात असे दोनहून जास्त स्क्रू दिसले तर किंमत कमी करून मागावी. निळे स्क्रू खऱ्या आचेने निळे केले असतील तर वेगवेगळ्या कोनांतून निळा, जांभळा, जवळजवळ काळा असे बदल दिसतात, कारण पोलाद ३०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवून तो रंग आणलेला असतो. रासायनिक किंवा रंगवलेला निळा कुठूनही बघितला तरी एकच असतो आणि खाचेच्या तळातही तसाच भरलेला दिसतो.

स्टीलचे छोटे भाग, म्हणजे टूर्बियाँचा पूल किंवा हंसमान (हंसाच्या मानेसारखा वाकलेला) रेग्युलेटर, ‘ब्लॅक पॉलिश’ केल्याचा दावा असेल तर एकाच दिव्याखाली तो भाग कलवा. पृष्ठभाग एक तर लख्ख पांढरा किंवा पूर्ण काळा दिसला पाहिजे. मध्ये राखाडी आला, ढगाळ पट्टा आला, तर तो साधा पॉलिश.

धूळ आणि तंतू विसरू नका. तबकडीवर, काचेच्या आत, पुलाच्या खोबणीत भिंगातून एकदा चक्कर मारा. कमी किमतीच्या चिनी नगांतला हा सगळ्यात नित्याचा दोष. तंतू फक्त डोळ्यांना खुपतो असं नाही. तो कॅलेंडर किंवा क्रोनोग्राफच्या चाकात गेला की घड्याळ बंद पाडतो.

क्रोनोग्राफ असेल तर

वरचं बटण हळू दाबा. कॉलम व्हीलचा क्लिक स्वच्छ, एकाच टप्प्यात येतो. दाब मध्येच कडक झाला, अडखळला, तर बटणाच्या नळीत घाण किंवा कोरडेपणा आहे. काटा सुटताना किंचित पुढे किंवा मागे उडाला तर हरकत नाही. आडव्या क्लचच्या (क्रोनोग्राफ मुख्य यंत्राला जोडणाऱ्या रचनेच्या) दोन चाकांचे दात एकमेकांत बसताना एवढं होतंच. चालू असताना काटा थरथरत असेल तर मधल्या चाकावरची ताणाची स्प्रिंग सैल आहे.

चालू, बंद, शून्य, हा क्रम सलग दहा वेळा करा. प्रत्येक वेळी काटा अगदी १२ वर यायला हवा. दर वेळी सारखाच अर्धा सेकंद बाजूला थांबत असेल तर काटा वाकडा बसवलाय. घड्याळजी पुन्हा बसवून देतो. दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर काटा दांड्यावर सैल आहे आणि शून्यावर आणणाऱ्या हातोडीच्या ठोक्याने सरकतोय. दुसरा दोष जास्त वाईट, कारण तो वाढत जातो.

मिनिटांचा काटा तीन-चार मिनिटं बघत बसा. सेकंदकाटा ६० ओलांडताना तो एक घर सरकावा. कधी दोन घरं, कधी अर्धंच, असं झालं तर आतल्या एक्सेंट्रिक (मध्यापासून सरकलेल्या) स्क्रूंनी दातांची खोली नीट लावलेली नाही. हे दुरुस्त होतं, पण ज्याला क्रोनोग्राफची सवय आहे अशाच हाताने. नवख्याने तो स्क्रू फिरवला की एक दोष जाऊन तीन येतात.

शेवटी टाइमग्राफरवर क्रोनोग्राफ चालू करून ॲम्प्लिट्यूड पुन्हा वाचा. २० ते ४० अंश उतरले तर नॉर्मल. ६० उतरले तर क्लच फार खोल बसतोय.

टूर्बियाँ असेल तर

आधी खात्री करा की तो टूर्बियाँ आहे. तबकडीला भोक पाडून बॅलन्स दाखवणारी घड्याळं मोघम वर्णनाने विकली जातात. खऱ्या टूर्बियाँत बॅलन्स आणि त्याला ठेक्याने ढकलणारे पॅलेट आणि एस्केप व्हील हे सगळे एका पिंजऱ्यात बसून गोल फिरतात, बहुतेक वेळा मिनिटाला एक फेरी. बॅलन्स एकाच जागी हेलकावे खात असेल आणि आजूबाजूचं काहीच जागा सोडत नसेल, तर तो उघडा बॅलन्स, बाकी काही नाही.

पिंजऱ्याची एक फेरी फोनच्या घड्याळावर मोजा. बाजूने बघताना पिंजरा वरखाली डुलता कामा नये. डुलत असेल तर टोकं किंवा खडे नीट जुळलेले नाहीत आणि तेल लवकर संपेल.

टाइमग्राफरवर इथे पद्धत बदलावी लागते. उभ्या स्थितीत टूर्बियाँचा वेग एका मिनिटाच्या लाटेसारखा वरखाली होतो; तो दोष नसून यंत्राचं कामच ते आहे. म्हणून सरासरीचा काळ किमान ६० सेकंद ठेवा आणि दोन पूर्ण फेऱ्या मोजा. दहा सेकंदांचा आकडा घेऊन विक्रेत्याशी भांडलात तर हराल. ॲम्प्लिट्यूड साध्या घड्याळापेक्षा कमी असणं समजण्यासारखं आहे, कारण त्याच स्प्रिंगला पूर्ण पिंजरा ओढायचा असतो.

टॅग हॉयरने २०१६ मध्ये सुमारे १५,००० फ्रँकचा क्रोनोग्राफ टूर्बियाँ काढला तेव्हा स्विस घराण्यांत खळबळ उडाली होती. चिनी कारखाने तेव्हाही त्याच्या लहानशा हिश्शात टूर्बियाँ विकत होते. तेव्हा फक्त ‘टूर्बियाँ आहे’ म्हणून चिनी घड्याळाला जास्त पैसे देऊ नयेत. तो किती नेटका आहे, यासाठी द्यावेत.

तबकडी

चिनी कारागीर स्विसांच्या बरोबरीला, कधी पुढेही, जातात ते इथे. तारांच्या मीनाकारीची (धातूच्या तारांनी घरं पाडून त्यांत मीना भरण्याची) परंपरा बीजिंगमध्ये जुनी आहे आणि ती घड्याळाच्या तबकडीवर सहज उतरली.

खरा मीना म्हणजे धातूवर वितळवलेली काच, ८०० अंशांच्या आसपास अनेकदा भाजलेली. तबकडी तिरपी धरून प्रकाश सरकवा: पृष्ठभाग काचेसारखा खोल चमकतो आणि काट्यांच्या भोकाशी मीना किंचित उचललेला, गोलसर दिसतो. तिथेच केसाएवढ्या चिरा शोधा. त्या सर्वांत आधी भोकाशी आणि कडेला उमटतात, आणि दुरुस्त होत नाहीत. रेझिनचा ‘थंड मीना’ दिसायला गुळगुळीत असतो, पण त्याची चमक प्लास्टिकसारखी उथळ आणि भोकाची कड सरळ कापलेली असते. वर्णनात भाजल्याचा उल्लेख नसेल तर तो रेझिन समजून किंमत ठरवा. तारांच्या कामात सगळ्या तारा मीन्याच्या पातळीत घासलेल्या हव्यात. एखादी तार बुडालेली किंवा तुटून रंग शेजारच्या घरात गेलेला असेल तर ती घाईची खूण.

गिलोशे (धातूवर कोरलेल्या बारीक, एकसारख्या रेषांच्या) कामातही असाच भेद. आतलिए वेनच्या ‘पर्सेप्शन’च्या तबकड्या चंग यूत्साय यांच्या कार्यशाळेत हाताने चालणाऱ्या यंत्रावर कोरल्या जातात. अशा कामात प्रत्येक खोबणीची धार तीक्ष्ण असते आणि घड्याळ हलवलं की प्रकाशाची रेघ धारेवरून पळते. ठशाने दाबलेल्या नक्षीत धारा बोथट असतात आणि सगळा नमुना यंत्रवत एकसारखा दिसतो.

‘१९६३’ च्या तबकडीवर १२ च्या खाली लाल तारा, ‘२१ झुआन’ (२१ खडे) अशी चिनी उच्चाराची अक्षरं आणि खाली त्यानजिन घड्याळ कारखान्याचं नाव असा मजकूर असतो. तो नव्या घड्याळावरही असतोच. त्यामुळे त्यावरून जुनं ओळखू नका. मूळ वायुदलाची घड्याळं चौदाशेच्या आसपासच बनली. स्वस्तात ‘मूळ ३०४’ देऊ करणाऱ्याकडे ते नसतं.

केस आणि पट्ट्यावर फार वेळ घालवायला नको, कारण शेनझेनमधले केस बनवणारे जगभरच्या ब्रँडना माल पुरवतात आणि तिथे साधारण दर्जा चांगला असतो. २०१७ पासून ‘स्विस मेड’ लिहायला उत्पादनखर्चाचा ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये पडावा लागतो. उरलेला कुठे पडतो, हे धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. फक्त एवढं बघा: ब्रश केलेला आणि चमकता भाग मिळतो ती रेघ सुरीसारखी सरळ असावी, आणि क्राउन स्क्रूचा असेल तर पहिल्या फेऱ्यातच आटा धरावा. ३० मीटर लिहिलेलं घड्याळ हात धुण्यापुरतं, पोहण्यासाठी नाही.

किंमत, कागद, दुरुस्ती

चीनमध्ये ज्या घड्याळाची मूल्यवर्धित कर वगळून किंमत १०,००० युआन किंवा जास्त असते, त्यावर २००६ पासून २० टक्के उपभोग कर आहे. तो कारखान्याच्या किंवा आयातदाराच्या पातळीवर लागतो. म्हणून त्या रेषेच्या अलीकडचं आणि पलीकडचं घड्याळ तुलनेला घेताना, किमतीतला सगळाच फरक कारागिरीचा नसतो हे लक्षात ठेवा.

चीनमध्ये ऑनलाइन घेतलं तर ग्राहक संरक्षण कायद्याने सात दिवसांत कारण न देता परत करता येतं. त्याशिवाय घड्याळं ‘सानबाओ’ (दुरुस्ती, बदली, परतावा) नियमांत येतात: दोष निघाला तर सात दिवसांत पैसे परत, पंधरा दिवसांत बदली. वरच्या सगळ्या चाचण्या म्हणून पहिल्या सात दिवसांत उरका, आणि तोवर केसवरचं प्लास्टिक काढू नका, पट्ट्याच्या कड्या कमी करू नका. टाइमग्राफरच्या पडद्याचा फोटो प्रत्येक स्थितीचा वेगळा काढून ठेवा. ‘घड्याळ बरोबर चालत नाही’ या वाक्यावर विक्रेता वाद घालतो, −२५ सेकंदांच्या फोटोवर घालत नाही.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: दुरुस्ती कोण करणार, किती महिने लागणार आणि वॉरंटीनंतर सर्व्हिसचा दर काय. साध्या चावीच्या किंवा २८२४ घराण्यातल्या यंत्राला पाचेक वर्षांनी कोणताही चांगला घड्याळजी साफ करून तेल देईल. टूर्बियाँला मात्र बहुतेक घड्याळजी हात लावत नाहीत. तो कारखान्याकडेच जातो. कुरियरने पाठवायचा असेल तर चावी पूर्ण उतरून पिंजरा थांबू द्या, घड्याळाभोवती दोन्ही बाजूंनी किमान पाच सेंटिमीटर फोम ठेवा आणि खोक्यात पावतीची झेरॉक्स टाका, मूळ पावती नव्हे.